मागच्या थरात टोल्युईन कसे पोहोचले?

प्रश्न : रंगकाम विभागात टोल्युईन या द्रावकाची वाफ मोजायला कामगाराच्या कॉलरला चारकोल ट्यूब (वाफ शोषणारी कोळशाची नळी) लावून हवा ओढणारा पंप सलग 8 तास चालवला. प्रवाह मिनिटाला 200 मिलिलिटर. प्रयोगशाळेचा शेरा आला : ‘मागच्या थरातही टोल्युईन, नमुना अग्राह्य.’ पंप तर एकदाही बंद पडला नव्हता. मग चुकले कुठे?

उत्तर : पंप बंद पडला नाही, तिथेच घात झाला. 480 मिनिटांत 96 लिटर हवा नळीतून गेली. नायॉश या अमेरिकी कामगार-आरोग्य संशोधन संस्थेच्या 1501 क्रमांकाच्या पद्धतीत टोल्युईनसाठी कमाल मर्यादा आहे 8 लिटर. तुमच्या प्रवाहाने ती 40 मिनिटांत गाठली.

नळीत आधी 100 मिलिग्रॅम कोळसा, त्यामागे 50. पहिला थर भरला की वाफ मागे सरकते. मागच्या थरात पुढच्याच्या 10 टक्क्यांहून जास्त सापडले, तर काही वाफ नळीबाहेरही निसटली असे धरतात. किती निसटली ते कळत नाही, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा कमीच येतो. दमट हवेत कोळशावर पाणीही जागा अडवते आणि नळी आणखी लवकर भरते.

पुढच्या वेळी प्रवाह 50 मिलिलिटर ठेवा आणि दर दोन तासांनी नळी बदला. चार नळ्या, प्रत्येकीत 6 लिटर. प्रत्येक नळीची सांद्रता गुणिले मिनिटे, चारही गुणाकारांची बेरीज, भागिले 480 : ही झाली पाळीची सरासरी.

प्रवाह तपासताना तशीच एक नळी जोडलेली हवी. मोकळ्या पंपाचा आकडा फसवा असतो. आधीच्या आणि नंतरच्या प्रवाहात 5 टक्क्यांहून जास्त फरक पडला तर तो नमुना सोडून द्या. नळी उभी लावा, आडवी नको. कोळसा खाली बसून वर पोकळी राहते आणि हवा तिथूनच निघून जाते. नळीवरचा बाण पंपाकडे. एका नळीची टोके जागेवरच फोडून, हवा न ओढता लगेच टोपण लावा आणि तुलनेसाठी कोरी म्हणून पाठवा.

अहवालात दोन्ही थरांचे आकडे वेगवेगळे मागाच. मागचा पुढच्यापेक्षा मोठा दिसला, तर बहुधा नळीच उलटी लावली होती! नळ्या उन्हात गाडीत पडून राहिल्या तरी वाफ मागच्या थरात सरकते, म्हणून थंड पेटीतूनच पाठवा.

प्रश्न : कामगार मास्क वापरतो. नळी मास्कच्या आत बसवावी का?

उत्तर : नाही. बाहेरच, नाकातोंडापासून 30 सेंटिमीटरच्या आत. हवेत किती आहे ते मोजायचे आहे. मास्क किती अडवतो हा वेगळा प्रश्न.