वर्गात येतं, दुकानात तोंड उघडत नाही

"ताई, मी आयुष्यात कधी नापास झाले नाही. आणि आता मला दुकानात जाऊन दूध घेता येत नाही."

नोव्हेंबरमधली गोष्ट. पुण्यात रात्रीचे आठ वाजले होते. तिच्याकडे, फिनलंडमधल्या ओउलू शहरात, दुपारचे साडेचार, आणि स्क्रीनवर तिच्या मागच्या खिडकीत मिट्ट काळोख. मुलगी दक्षिण महाराष्ट्रातली, इंजिनिअरिंग करून मास्टर्ससाठी तिकडे गेलेली. (तिच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) शिक्षण इंग्रजीतूनच, पण जोडीला तिथल्या फिनिश भाषेचा सुरुवातीचा कोर्स घेतलेला. तिचा प्रश्न परदेशी गेलेल्या मुलांकडून मी समुपदेशनाच्या बैठकांत वरचेवर ऐकते: वर्गात सगळं समजतं, गृहपाठ बरोबर येतो, पण बाहेर एक शब्द फुटत नाही. मी मठ्ठ आहे का? कोर्स सोडून देऊ का?

मी विचारलं, "हे कुठल्या दिवशी सुरू झालं?" तिला तारीख पाठ होती.

त्या दिवशी तिने ठरवून तयारी केली होती. नमस्कार म्हणजे 'मोइ', धन्यवाद म्हणजे 'कीतोस', आकडे शंभरापर्यंत. काउंटरवर दूध आणि पाव ठेवला, 'मोइ' म्हणाली, कार्ड लावलं. सगळं छान चाललं होतं. आणि काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "कुइत्ती?" एवढा एकच शब्द, पण तो तिच्या तयारीत नव्हता. ती नुसती बघत राहिली. मागे रांग, रांगेत कोणी चकार शब्द बोलत नव्हतं. बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं आणि मग इंग्रजीत सांगितलं की पावती हवी का. ती मान हलवून बाहेर पडली ती पिशवी काउंटरवरच ठेवून. त्यानंतर तीन आठवडे फक्त यंत्रावर स्वतः बिल करायचं, म्हणजे कोणाशी बोलायला नको. मग फिनिशच्या वर्गाला दांड्या. वडिलांनी काढलेलं शैक्षणिक कर्ज डोक्यावर होतंच. युरोपीय संघाबाहेरून आलेल्यांना तिथे इंग्रजी मास्टर्ससाठी 2017 पासून फी भरावी लागते.

"त्या बाईंच्या चेहऱ्यावर काय होतं?" मी विचारलं.

बराच वेळ विचार करून ती म्हणाली, "काहीच नाही."

"आणि रांगेतल्या लोकांच्या?"

"काहीच नाही. म्हणूनच तर वाटलं की चिडलेत."

इथे आम्ही चांगल्या दोन बैठका थांबलो. आपल्याकडे रांगेत कोणी अडखळलं तर मागून चार जण सल्ला देतात. तिथली शांतता तिने आपल्या सवयीने वाचली आणि तिला त्यात राग दिसला. तसंच इंग्रजीचं. समोरच्याने इंग्रजीत बोलायला सुरुवात केली की तिला वाटायचं, आपली परीक्षा झाली आणि आपण नापास. खरं तर समोरचा माणूस तिची सोय बघत असतो. हे डोक्याला पटायला पाच मिनिटं लागतात. पोटात गोळा यायचा थांबायला कित्येक आठवडे लागतात, आणि तेवढे ते द्यायला हवेत.

मला फिनिश येत नाही. म्हणून मी तिला म्हटलं, प्रत्येक बैठकीत दहा मिनिटं तू मला शिकव. हुशार मुलीला पुन्हा एकदा 'येणारी' होऊ द्यावं, एवढाच माझा हेतू होता. निघालं मात्र त्याहून मोठं.

ती सांगत होती की या भाषेत पंधरा विभक्त्या आहेत, शब्दाला शेपट्या लागतात, वर शब्द आतून बदलतो. 'कातू' म्हणजे रस्ता, पण रस्त्यावर म्हणायचं तर 'कादुल्ला'. त चा द होतो. मी म्हटलं, "आणि आपण काय म्हणतो? रस्तावर?" ती गप्प झाली. रस्ता, पण रस्त्यावर. पाऊस, पण पावसात. शाळेत आपण 'स, ला, ते. स, ला, ना, ते' घोकलं आणि विसरलो, पण सामान्यरूप कोणाही मराठी पोराच्या जिभेवर शाळेच्या आधीच बसलेलं असतं. मग तीच एकेक काढायला लागली. 'तालो' घर, 'तालोस्सा' घरात, 'तालोस्ता' घरातून, 'तालोन ताकाना' घराच्या मागे. 'मिनुल्ला ओन किर्या' म्हणजे माझ्याकडे पुस्तक आहे. इंग्रजीतल्या 'हॅव'सारखं क्रियापद तिथेही नाही आणि आपल्याकडेही नाही. 'तुली' आग, 'तूली' वारा, 'तुल्ली' म्हणजे कस्टम्स. देवनागरीत लिहिलं की फरक डोळ्यांना दिसतो. ज्या 'ॲ'ने वर्गातली काही मुलं हैराण होती, तो आपण बॅट आणि बॅगेत रोज म्हणतो.

तोवर ती प्रत्येक वाक्य मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून फिनिशमध्ये नेत होती. मधला मुक्काम तिने काढून टाकला. मराठी मुलांना मी हे आता आवर्जून सांगते.

सगळं सोपं झालं असं मात्र नाही. वर्गात 'मी आहे' म्हणजे 'मिनॅ ओलेन' शिकवतात आणि बसथांब्यावर ओउलूची माणसं म्हणतात 'मॅऽ ओऽन'. पुस्तकी आणि बोली भाषेतलं हे अंतर खरंच मोठं आहे. बाहेरचं कानावर पडलेलं कळलं नाही तर त्यात शिकणाऱ्याच्या बुद्धीचा दोष नाही, हे मला तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

दुकानासाठी आम्ही पायऱ्या केल्या. पहिला आठवडा: माणूस असलेल्या काउंटरवरच जायचं, फक्त 'मोइ' आणि 'कीतोस'. दुसरा आठवडा: 'ओपेत्तेलेन सुओमेआ', मी फिनिश शिकते आहे. या एका वाक्याने समोरच्याला कळतं की इंग्रजीत वळायची गरज नाही. तिसरा: 'हितास्ती', म्हणजे सावकाश. चौथ्या आठवड्यात ती पुन्हा गोठली, पुन्हा यंत्राकडे गेली, आणि दोन दिवस माझ्या मेसेजला उत्तर दिलं नाही. मग आम्ही पहिल्या पायरीवर परत आलो.

कोर्स सोडू का, याचं माझं उत्तर तिला तेव्हाही हेच होतं: भीतीने सोडू नकोस, प्रबंधाचा ताण आहे म्हणून पुढच्या सत्रात ढकलायचा असेल तर खुशाल ढकल. तिथे राहून नोकरी करायची तर फिनिश लागतंच बहुतेक ठिकाणी. कानाला सवय व्हावी म्हणून 'यूले' या तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या सोप्या फिनिशमधल्या बातम्या तिने लावून घेतल्या, आणि मुलं जमतात त्या भाषा-कट्ट्यावर जायला लागली. एक गोष्ट मात्र मी वेगळी तपासली: झोप आणि जेवण. डिसेंबरात ओउलूला दिवस जेमतेम साडेतीन तासांचा असतो. झोप उडाली, भूक गेली, अंथरुणातून उठवेना, तर तो प्रश्न फिनिशचा राहत नाही; तिथल्या वायटीएचएस या विद्यार्थी आरोग्यसेवेत जायला हवं. तिला तशी गरज पडली नाही.

कोर्समध्ये तिला पाचपैकी दोन मिळाले. इतके कमी गुण घेऊन ती पहिल्यांदाच माझ्यासमोर बसली होती. रडली. मग अश्रू पुसून मला तालोस्सा आणि तालोस्ता उलटं म्हटल्याबद्दल रागावली.

जानेवारीत एका रात्री फोनवर फोटो आला. लांबट, चुरगळलेला कागद, त्यावर दूध, राईचा पाव, केळी. खाली तिने लिहिलं होतं: "कुइत्ती. नको होती, तरी मागून घेतली."