दुसरा कोअर चालू केला आणि लिटर कमी भरू लागले

प्रश्न : आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत पालिकेचं पाणी पहाटे येतं. खालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवणारा पंप आणि पाण्याचा मीटर, दोन्ही सांभाळायला मी आरपी२०४० या दोन कोअरच्या (म्हणजे आत दोन प्रोसेसर असलेल्या) चिपवर कंट्रोलर केला. फ्रीआरटीओएस (छोट्या चिपवर अनेक कामं, म्हणजे टास्क, आलटूनपालटून चालवणारी प्रणाली), एकच कोअर. दीड वर्ष बिनतक्रार चालला. डिस्प्ले अडखळतो म्हणून गेल्या महिन्यात कोअरची संख्या १ ची २ केली. तेव्हापासून दिवसाचे लिटर मीटरच्या तबकडीपेक्षा कमी भरतात आणि आठवड्यातून एकदोनदा सगळंच गोठतं. बाकी कोडला हात लावलेला नाही.
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : कोडला हात लावला नाहीत, म्हणूनच हे झालं. सोबत पाठवलेली पानं मी पेन घेऊन वाचली. मोजणीच्या जागी येऊन थांबले.

मीटरचा प्रत्येक ठोका कोअर ० वर इंटरप्ट (हातातलं काम थांबवून आधी हे कर, अशी हाक) आणतो आणि मोजणी एकाने वाढते. दर मिनिटाला हिशेबाचं टास्क इंटरप्ट बंद करतं, मोजणी वाचतं, तिथे शून्य लिहितं, इंटरप्ट पुन्हा चालू करतं. एका कोअरवर हे चोख होतं. पण इंटरप्ट बंद करण्याची सूचना ज्या कोअरवर चालते, त्याच्यापुरतीच असते. हिशेबाचं टास्क आता कधी कधी कोअर १ वर जातं. त्याने ४० वाचले, तेवढ्यात कोअर ० ने ४१ केले, मग याने शून्य लिहिलं. तो एक ठोका गेला. पहाटे पाणी जोरात येतं तेव्हा असे ठोके जास्त जातात.

दोन कोअरच्या कर्नलमध्ये (फ्रीआरटीओएसच्या गाभ्यात) क्रिटिकल सेक्शन, म्हणजे मध्ये कोणी यायला नको असा कोडचा तुकडा, राखायचा तर इंटरप्ट बंद करणं आणि शिवाय दुसऱ्या कोअरला बाहेर थांबवणारं कुलूप घेणं. या चिपच्या एम०+ जातीच्या कोअरला ‘वाच, बदल, लिही’ हे अखंड करणारी सूचनाच नाही, म्हणून तिच्यात ३२ स्पिनलॉक (अशी कुलपं) हार्डवेअरमध्येच दिले आहेत. तेव्हा थेट इंटरप्ट बंद न करता कर्नलचं क्रिटिकल सेक्शन वापरा, आणि इंटरप्टच्या बाजूनेही त्याची इंटरप्टसाठीची जोडी घ्या. एकाच बाजूने कुलूप लावून काही उपयोग नाही. मला मात्र याहून साधी वाट आवडते : मोजणी कधी शून्य करूच नका. ती फक्त इंटरप्टने वाढवावी, हिशेबाने मागचा आकडा लक्षात ठेवून वजाबाकी करावी. लिहिणारा एकच राहिला की भांडण मिटतं.

गोठण्याचं कारण वेगळं आहे. तुम्ही रात्रीची नोंद फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या, कोडही जिथे असतो त्या मेमरीत) लिहिता. फ्लॅश पुसली जात असताना तिच्यातून कोड वाचता येत नाही, आणि तुमचा दुसरा कोअर नेमका तिथूनच कोड उचलत असतो. पिको एसडीकेमध्ये (या चिपसाठीच्या तयार कोडच्या संचात) ‘फ्लॅश सेफ एक्झिक्यूट’ आहे. ते दुसऱ्या कोअरला तेवढा वेळ बाजूला उभं करतं. त्यातूनच लिहा.

तिसरी गोष्ट अजून तुमच्या लक्षात आलेली नसावी. पंपाचं टास्क वरच्या प्राधान्याचं आहे. ते पातळी आणि वेळ लिहीत असताना खालच्या प्राधान्याचा डिस्प्ले मध्ये येणार नाही, हे तुम्ही धरून चाललात. आता दोघंही एकाच क्षणी चालतात. नवी पातळी, जुनी वेळ अशी जोडी पडद्यावर येऊ शकते. वेगवेगळ्या प्राधान्याची टास्क एकत्र चालू न देण्याची सेटिंग आहे, पण मग दुसरा कोअर बराचसा रिकामाच बसेल. मग तो चालू कशाला केला?

फ्रीआरटीओएस २००३ पासून आहे. दोन कोअरचा आधार मुख्य कर्नलमध्ये आला २०२३ च्या डिसेंबरात, आवृत्ती ११ बरोबर. मधली वीस वर्षं आपण सगळ्यांनी ‘मी चालतोय म्हणजे दुसरं कोणी चालत नाही’ हे न लिहिता धरलं. माझ्या स्वतःच्या जुन्या कोडमध्येही ते पानोपानी सापडलं. अंधेरीच्या वर्कशॉपमध्ये एका पॅकिंग मशीनच्या मोजणीत पाकिटं कमी भरत होती, तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून आणलेला पिनांचे चढउतार रेघांनी दाखवणारा आठ चॅनेलचा लॉजिक अ‍ॅनालायझर लावून मी दोन रात्री बसले. इंटरप्ट बंद केल्यावर एक पिन वर, चालू केल्यावर खाली. प्रत्येक कोअरची पिन वेगळी. दुसऱ्या रात्री पडद्यावर दोन्ही रेघा एकाच वेळी वर दिसल्या. दोघंही आपण एकटेच आत आहोत असं समजत होते. तुम्हीही हे करून पाहा, वाचून पटतं त्याच्या दसपट बघून पटतं.

आज रात्रीपुरता उपाय : जुनी सगळी टास्क कोअर ० ला बांधा. कोअर १ वर फक्त डिस्प्ले ठेवा आणि त्याला आकडे कर्नलच्या क्यूमधूनच (रांगेतूनच) द्या, सामायिक व्हेरिएबलमधून नको. फ्लॅशची दुरुस्ती तरीही करावीच लागेल. मग आठवडाभर रोज पहाटे पाणी गेल्यावर तबकडी आणि पडदा, दोन्ही आकडे वहीत लिहा. फरक राहिलाच, तर ती वही मला पाठवा.