शार्दोने चाखायची तर बाटल्या झाकून

शार्दोने ही पांढरी वाइन. स्वस्त-महाग यांतला फरक किंमत न बघता जिभेला कळतो का, हे पाहायचं तर चारच बाटल्या घ्या. सहाव्या बाटलीपर्यंत जीभ दमते. किंमत वेगळी असू द्या, पण शैलीची जोडी जुळवा. साधी शाब्ली, म्हणजे फ्रान्समधल्या शाब्लीची शार्दोने, बहुधा ओकविना असते, ओक लाकडाच्या पिंपात मुरवलेली नसते. तिच्यासमोर ओकमधली कॅलिफोर्नियातल्या नापाची ठेवलीत तर तुलना किमतीची न होता लाकडाची होते.

सगळ्यात जास्त घोळ तापमानात होतो. थेट फ्रिजमधून ओतलेली महागडी वाइनही मुकी वाटते, आणि स्वस्तातल्या वाइनचे दोष गारठ्यात लपतात. वीस-पंचवीस मिनिटं आधी बाहेर काढा. 10 ते 12 अंश पुरे. बाटल्यांना मानेपर्यंत वर्तमानपत्र गुंडाळा, बुचं आधीच काढून लपवा. ग्लास एकसारखे, प्रत्येकी 50 मिली. लोण्याचा वास मॅलोलॅक्टिक किण्वनातून (जिवाणू वाइनचा आंबटपणा सौम्य करतात ती प्रक्रिया) येतो, तो महागपणाची खूण नव्हे. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बुचाचा दोष. ती बाटली बाद. सोबत साधा पाव, चिवडा नंतर. गुण लिहून झाल्यावरच किमती उघडा.