सी३ वरचा हत्ती

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

बुद्धिबळाच्या स्पर्धेत काळ्या मोहऱ्यांनी, तेही ड्रॅगन (सिसिलियन बचावातला तो धारदार प्रकार) खेळून, पहिल्या मानांकिताला पाडलंस. तुझ्या बाबांचा फोन आला तेव्हा शेजारचा माग खडखडत होता; मला आधी 'हरली' असंच ऐकू आलं. (सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या वस्तीत राहिलं की हे चालायचंच.) मग तुझी स्कोअरशीट मिळाली. डाव तीनदा मांडला.

सी३ या घरातल्या त्याच्या घोड्यासाठी तू हत्ती दिलास, त्याचंच कौतुक चाललं असेल. चालू दे. त्याचं बी-प्यादं सी३ वर आलं, राजापुढची भिंत फुटली, तुझा वजीर आत घुसला. झकास. पण आधीची चाल बघ. पांढऱ्याने एच-प्यादं रेटलं. त्याऐवजी डी४ चा घोडा ई२ वर मागे घेतला असता तर? मग तुझा हत्ती सी३ वर गेला की हाच घोडा त्याला मारतो. हत्ती देऊन तुझ्या हाती नुसता घोडा, आणि त्याच्या प्याद्यांना ओरखडाही नाही. तू शेजारी वेळ लिहितेस म्हणून कळलं: एच-प्याद्याच्या त्या चालीला त्याने घेतले चाळीस सेकंद!

सोव्हिएत ग्रँडमास्टर कार्पोव्हने १९७४ मध्ये मॉस्कोत कोर्चनॉय या दुसऱ्या ग्रँडमास्टरविरुद्ध हेच केलं, कँडिडेट्सच्या (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेच्या) अंतिम लढतीतल्या दुसऱ्या डावात. सोळाव्या चालीला घोडा ई२ वर, एकोणिसाव्या चालीला हत्ती डी३ वर. दोन्ही सी३ राखायला. कोर्चनॉयचे दोन हत्ती सी-पट्टीवर टपून बसलेले, पण मारण्यात राम उरला नाही. कोर्चनॉयच्या राजाकडे जाणारी एच-पट्टी मात्र कार्पोव्हला उघडीच होती. सत्ताविसाव्या चालीला खेळ खलास.

ड्रॅगन सोड असं मी म्हणणार नाही. मी पहिल्यांदा हा हत्ती दिला तेव्हा ई२ वर घोडा उभा होता, दिसलाच नाही. घरी येऊन कडक भाकरी दह्यात कालवली, वर शेंगाचटणी घेतली आणि झोपेपर्यंत कुणाशी बोललो नाही.

तू एवढंच कर. हत्तीला हात लावण्याआधी सी३ ला कोण कोण राखतंय ते बोटावर मोज. आणि पांढऱ्याचं प्यादं एच४ वर आलं की आपलं एच५ वर नेऊन त्याची वाट अडवतात, तो प्रकार शिकून घे. या डावात तुला त्याची गरज पडली नाही, कारण समोरचा घाईत होता.

रविवारी सकाळी ये, ऊन चढायच्या आत. पांढरे मी घेतो. घोडा ई२ वर नेणार, आत्ताच सांगून ठेवतो.

तुझे,
सर