घरी धुतलेला पहिलाच रोल पूर्ण कोरा निघाला. कॅमेरा बिघडलाय की माझं धुणं चुकलं?

तुम्ही लिहिलंय की एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मचा ३६ फोटोंचा रोल होता, डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) डी-७६, रात्री बाथरूममध्ये अंधार करून फिल्म टाकीत भरली, वेळा घड्याळ लावून पाळल्या, आणि टाकी उघडल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती पारदर्शक पट्टी हातात आली. आता पुढचा रोल लॅबलाच द्यावा असं तुमच्या मनात आहे. एवढ्यात ते ठरवू नका. आधी ती पट्टी शोधा. फेकून दिली नसेल तर तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यावरच आहे.

पट्टी उजेडासमोर धरा आणि मधला भाग सोडून कडा बघा, भोकांच्या रांगेजवळ. तिथे फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे दिसतायत का? हे आकडे कारखान्यातच प्रकाशाने फिल्मवर उमटवलेले असतात. तुमचा कॅमेरा, लेन्स, शटर यांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. पण डेव्हलपर लागल्याशिवाय ते दिसत नाहीत. म्हणून ते आहेत की नाहीत यावरून चूक कुठे झाली ते कळतं.

आकडे काळे, ठळक असतील तर तुमचं धुणं व्यवस्थित झालंय. फिल्मवर प्रकाशच पडलेला नव्हता. अशा वेळी बहुतेकदा फिल्मची जीभ, म्हणजे बाहेर आलेलं टोक, कॅमेऱ्यातल्या रिळाला नीट अडकलेली नसते. लीव्हर फिरतो, शटर वाजतं, काउंटरही पुढे सरकतो, पण फिल्म कॅसेटमध्येच बसून राहते. पुढचा रोल घातला की रिवाइंडच्या नॉबने सैल फिल्म ताणून घ्या आणि मग लीव्हर मारताना त्या नॉबकडे बघा. फिल्म सरकत असेल तर तो उलटा फिरतो. तो फिरत असूनही फोटो आले नाहीत, तर शटर तपासून घ्या.

आकडेसुद्धा नसतील, तर डेव्हलपरने काम केलेलं नाही. एक तर तो मेलेला होता किंवा त्याच्याआधी फिक्सर, म्हणजे डेव्हलपरनंतर वापरायचं रसायन, पडला. दुसरा प्रकार माझ्याकडून झालाय. दोन्ही बाटल्या एकसारख्या तपकिरी, दोन्हींवर झाकणाला चिकटवलेली कागदाची पट्टी, आणि धुताना झाकणांची अदलाबदल झाली. त्या रोलमध्ये भाचीच्या शाळेच्या पहिल्या दिवसाचे फोटो होते. ओली पट्टी टाकीतल्या रिळावरून उलगडत गेलो आणि तिच्यातून पलीकडच्या फरशीच्या रेघा दिसत होत्या, तो क्षण मला अजून आठवतो. तेव्हापासून नाव बाटलीच्या अंगावर लिहितो, झाकणावर कधीच नाही, आणि धुवायला घेताना सगळी भांडी डावीकडून उजवीकडे ओतण्याच्या क्रमाने मांडतो.

फिक्सर आधी पडला की इतकं कायमचं नुकसान का होतं, तेही सांगतो. फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक असतात. ज्यांच्यावर प्रकाश पडला, त्यांचीच डेव्हलपर काळी धातुरूप चांदी करतो. उरलेले क्षार फिक्सर विरघळवून काढून टाकतो. हा गुण असलेलं रसायन जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये अभ्यासलं होतं आणि १८३९ मध्ये ते फोटोग्राफीत वापरात आलं. जुने फोटोग्राफर ज्याला हायपो म्हणतात ते हेच. फिक्सर आधी गेला तर प्रकाश पडलेले आणि न पडलेले असे दोन्ही क्षार निघून जातात. तो रोल मग कशानेही परत येत नाही. हे ऐकायला वाईट वाटेल, पण त्याच्यामागे आणखी दिवस घालवू नका.

डेव्हलपर मेला होता का, हे मात्र दोन मिनिटांत कळतं, आणि ही तपासणी मी दर वेळी करतो. ३५ मिमीच्या रोलची बाहेर आलेली जीभ तशीही कापावीच लागते. तिचे दोन तुकडे करा. एक तुकडा चालू दिव्याखालीच डेव्हलपरमध्ये बुडवा. मिनिटा-दोन मिनिटांत तो गडद काळा व्हायला हवा. करडाच राहिला तर तो डेव्हलपर वापरू नका. दुसरा तुकडा फिक्सरमध्ये टाका आणि दुधी रंग जाऊन पूर्ण पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. त्याच्या दुप्पट ते तिप्पट वेळ फिल्म फिक्सरमध्ये ठेवायची. कालवलेला डी-७६ काठोकाठ भरलेल्या, घट्ट बंद बाटलीत साधारण ६ महिने टिकतो, अर्ध्या भरलेल्या बाटलीत २ महिने. हवा त्याचा शत्रू आहे.

अंधार पुरेसा नव्हता का, अशी शंका तुम्ही काढली आहे, पण तुमच्या बाबतीत ते कारण नाही. दाराच्या फटीतून उजेड आला असता तर फिल्म काळी पडली असती, पारदर्शक नव्हे. तरी एक लक्षात असू द्या. लाल दिवा कागदावर प्रिंट काढताना चालतो. एचपी५सारखी फिल्म लाल प्रकाशही पकडते, त्यामुळे ती भरताना पूर्ण काळोखच हवा. बाथरूमचा भरवसा वाटत नसेल तर चेंजिंग बॅग, म्हणजे हात घालायला बाह्या असलेली प्रकाशबंद पिशवी, वापरा.

फिल्म टाकीतल्या रिळावर भरणं हीच यातली खरी कसब लागणारी गोष्ट आहे, आणि ती हातांनीच शिकावी लागते. एक रोल सरावासाठी बळी द्या. आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग अंधारात. टोकाचे दोन्ही कोपरे कात्रीने किंचित गोल करा. रीळ पूर्ण कोरडं हवं, दमट असेल तर फिल्म मध्येच चिकटते आणि पुढे जात नाही. दोन्ही बाजू आलटून पालटून फिरवताना आत छोट्या गोळ्यांची टिकटिक ऐकू येते आणि फिल्म खाचेत सरकतेय हे अंगठ्यांना जाणवतं. अचानक जड लागली तर जोर करू नका. थोडी मागे घ्या, रीळ टाकीत ठेवून झाकण लावा, हात पुसा, मग पुन्हा. घाईत मुरडलेल्या फिल्मवर चंद्रकोरीसारखे डाग राहतात.

वेळेचं म्हणाल तर एचपी५ प्लस त्याच्या ठरलेल्या ४०० आयएसओलाच (प्रकाश-संवेदनशीलतेचा आकडा) काढला असेल तर पाणी न मिसळलेल्या डी-७६ मध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं. पहिल्या १० सेकंदांत टाकी चार वेळा उलटी-सुलटी करा, ओट्यावर हलकेच आपटा म्हणजे बुडबुडे सुटतील, आणि पुढे प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीला तेच. नळाचं पाणी गरम असेल तर बाटल्या थंड पाण्याच्या टबात ठेवून उतरवा. २४ अंशांच्या खाली येत नसेल तर साधारण साडेपाच मिनिटं धरा. पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ लागेल इतक्या गरम डेव्हलपरमध्ये धुऊ नका, आकाशासारख्या सपाट भागात डाग-पट्टे दिसायला लागतात.

फिक्सरनंतर धुण्यासाठी वाहता नळ सोडायची गरज नाही. टाकी पाण्याने भरा, ५ वेळा उलटी करा, ओता. ताजं पाणी, १० वेळा. परत ताजं, २० वेळा. शेवटचं बुडवणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये केलंत तर वाळल्यावर पांढरे ठिपके राहत नाहीत. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते आणि ती पाण्यातल्या जिवांना घातक असते, तो मोरीत ओतू नका. वेगळ्या कॅनमध्ये साठवा आणि घातक कचरा किंवा चांदी काढून घेणाऱ्यांकडे द्या. डेव्हलपर हाताळताना हातमोजे घाला. त्यातल्या मेटॉल या रसायनाची काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते.

आता पुढचा रोल. त्यावर महत्त्वाचं काही काढू नका. खिडकी, झाड, चपलांची रांग, काहीही चालेल. आणि १२ फ्रेम काढून झाल्या की तेवढाच धुवायला घ्या. तोपर्यंत जुन्या पट्टीच्या कडेला आकडे दिसले की नाही, ते इथे लिहा. धूसर दिसत असतील तर तसंही सांगा, कारण मग डेव्हलपर मेलेला नव्हता, फक्त दमलेला किंवा फार थंड होता.