हनोईत ट्रम्प आणि किम जोंग उन यांची बोलणी का फिसकटली?

देण्याघेण्याचा मेळ बसला नाही म्हणून. फेब्रुवारी २०१९ मध्ये उत्तर कोरियाचे नेते किम चीनमार्गे रेल्वेने व्हिएतनामला आले. योंगब्योनचं अणुकेंद्र मोडीत काढतो, त्या बदल्यात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या २०१६-१७ मधल्या ५ ठरावांचे मुख्य निर्बंध उठवा, असा त्यांचा प्रस्ताव होता. ५ म्हणजे थोडेच वाटतात, पण कोळसा, लोखंड, कापड, मासळी यांची निर्यात बंद झाली आणि तेलाच्या आयातीवर मर्यादा आली ती याच ठरावांनी. खरा फास तोच होता. अमेरिकेला मात्र योंगब्योनबाहेरच्या केंद्रांचाही हिशेब हवा होता. ठरलेलं दुपारचं जेवणही न घेता दोघे निघून गेले.

माझ्या मते मुळाशी जुना अविश्वास आहे. १९९४ च्या अमेरिका-उत्तर कोरिया करारात योंगब्योन गोठवण्याच्या बदल्यात दोन अणुभट्ट्या आणि त्या होईपर्यंत वर्षाला ५ लाख टन इंधन तेल द्यायचं ठरलं होतं. भट्ट्या कधी पूर्ण झाल्याच नाहीत. तिकडे उत्तर कोरियाने गुपचूप युरेनियम समृद्ध करण्याची चोरवाट धरली आणि २००६ मध्ये पहिली अणुचाचणी केली. शिवाय अण्वस्त्र कार्यक्रम सोडून दिलेल्या लिबियाच्या गद्दाफीचा २०११ मधला शेवट त्यांनी पाहिला होता. अशा राजवटीकडे ‘आधी सगळं द्या, मग बघू’ असं मागणं मला तरी चूक वाटतं.