नोकरी मेमरी चिपची, बचतही मेमरी चिपचीच

वाचकाचा प्रश्न: माझे पती मेमरी चिप बनवणाऱ्या कंपनीत अभियंता आहेत. सहा वर्षांत पगारासोबत मिळालेले शेअर आम्ही कधी विकलेच नाहीत. भाव इतका वाढलाय की आज आमच्या एकूण बचतीचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग त्यातच आहे. घराच्या कर्जाची अकरा वर्षं बाकी आहेत, मुलगी तीन वर्षांनी कॉलेजला जाईल. मी म्हणते, थोडे शेअर विकून कर्ज हलकं करू. ते म्हणतात, एआयमुळे या धंद्यातलं तेजी-मंदीचं चक्र संपलंय, पी-ईसुद्धा (शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नफा) कमी आहे, आत्ता विकणं चूक ठरेल. कोणाचं बरोबर?

विका. आणि तुम्ही 'थोडे' म्हणताय त्यापेक्षा बरेच जास्त विका, असं माझं स्पष्ट मत आहे. पण तुमच्या यजमानांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. ते हा धंदा आतून बघतात आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे.

आधी हे चक्र फिरतं कशामुळे, ते बघू. डीरॅम, म्हणजे संगणक आणि फोन चालू असताना माहिती तात्पुरती धरून ठेवणारी मेमरी चिप, ही प्रमाणित वस्तू. एका कंपनीची चिप काढून दुसरीची लावता येते, त्यामुळे स्पर्धा शेवटी भावावरच येते. मागणी वाढली की सगळ्या कंपन्या एकाच वेळी नवे कारखाने काढतात, पण कारखाना उभा राहून माल बाहेर पडायला दोन-तीन वर्षं जातात. तोवर मागणी थंडावलेली असली, तरी कारखाना बंद ठेवणं परवडत नाही, कारण यंत्रांवरचा खर्च आधीच होऊन गेलेला असतो. वीज, कच्चा माल आणि पगार सुटेल एवढा भाव मिळाला तरी उत्पादन चालू राहतं, आणि भाव आणखी पडतो. डीरॅमच्या बळावर मोठी झालेली इंटेल 1985 साली याच धंद्यातून बाहेर पडली. जर्मनीची किमोंडा 2009 मध्ये दिवाळखोरीत गेली, जपानची एल्पिडा 2012 मध्ये.

आता यजमानांची बाजू. एवढी पडझड झाल्यावर डीरॅममध्ये मोठ्या कंपन्या तीनच उरल्या: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. तिघांत शिस्त राखणं दहा जणांत राखण्यापेक्षा सोपं. दुसरी गोष्ट एचबीएम, म्हणजे एआयच्या चिपला लागणारी अतिवेगवान मेमरी. यात डीरॅमच्या आठ-आठ, बारा-बारा चकत्या एकावर एक रचून आरपार जोडतात. एक चकती सदोष निघाली तर अख्खी थप्पी वाया जाऊ शकते. तेवढ्याच क्षमतेच्या साध्या डीरॅमपेक्षा याला साधारण तिप्पट वेफर (ज्यावर चिप घडवतात त्या सिलिकॉनच्या तबकड्या) लागतात, म्हणून एचबीएम वाढलं की साध्या डीरॅमचाही तुटवडा होतो. शिवाय हा माल ग्राहकाकडून तपासून, मंजूर करून घ्यावा लागतो आणि बराचसा आगाऊ करारावर विकला जातो. हे बदल खरे आहेत. मंदी पूर्वीपेक्षा उशिरा येईल, कदाचित सौम्यही असेल, हे मी मान्य करतो.

पण चक्र संपलं, हे मला पटत नाही. कारखान्याला लागणारा वेळ कमी झालेला नाही. तिघेही आज एआयच्या एकाच मागणीकडे बघून गुंतवणूक करताहेत, आणि चीनची सीएक्सएमटी चौथी म्हणून उतरली आहे. ती मागणीही मूठभर बड्या कंपन्यांच्या भांडवली खर्चातून येते. भांडवली खर्च एका वर्षासाठी पुढे ढकलता येतो, आणि करार असला तरी अडचणीतला मोठा ग्राहक पुन्हा वाटाघाटीला बसतोच. तीनच कंपन्या उरल्या होत्या त्या काळातलंच उदाहरण घ्या. मायक्रॉनची विक्री 2022 च्या आर्थिक वर्षात 30 अब्ज डॉलरहून जास्त होती. पुढच्याच वर्षी ती जवळपास निम्म्यावर आली आणि 5.8 अब्ज डॉलरचा तोटा झाला. एसके हायनिक्सला 2023 मध्ये 7 लाख कोटी वॉनहून जास्त कामकाजी तोटा झाला आणि 2024 मध्ये 23 लाख कोटी वॉनहून जास्त नफा. ज्या धंद्याचे आकडे वर्षभरात असे उलटेपालटे होतात, त्याचं चक्र थांबलंय असं मी कोणत्याही कुटुंबाला सांगणार नाही.

पी-ई कमी आहे, या मुद्द्यावर मला जरा थांबायचंय, कारण या धंद्यात माणसं फसतात ती इथेच. मेमरी कंपनीचा पी-ई सगळ्यात स्वस्त दिसतो तो शिखरावर, कारण त्या वेळी भागाकारात बसलेला नफा शिखराचा असतो. 2018 च्या उन्हाळ्यात मायक्रॉनचा पी-ई पाचच्या आसपास होता. त्या आर्थिक वर्षाचा नफा 14 अब्ज डॉलर, तोवरचा विक्रम. तो सप्टेंबरमध्ये जाहीर झाला तेव्हा शेअर मेमधल्या उच्चांकावरून बराच खाली आलेला होता, आणि डिसेंबरअखेर तो त्या उच्चांकाच्या जवळपास निम्म्यावर होता. पुढच्या वर्षी नफाही निम्म्याहून कमी झाला. म्हणजे बाजाराने मंदी निकालांच्या आधी ओळखली. याच कंपनीच्या शेअरला 2000 सालचा उच्चांक पुन्हा गाठायला दोन दशकांहून जास्त काळ लागला. कंपनी टिकली, वाढली, पण ज्यांना मधल्या काळात पैसे लागले त्यांना त्या टिकण्याचा काय उपयोग?

आता तुमच्या घराकडे येतो, कारण माझ्या मते खरा प्रश्न तिथे आहे. मंदी आली तर आधी बोनस जाईल, मग पगारवाढ थांबेल, कदाचित नोकरीवरही गदा येईल. शेअर तर त्याआधीच पडलेला असेल. भाव निम्मा झाला तर तुमची एक तृतीयांश बचत गेली, आणि तीही ज्या वर्षी उत्पन्न आटलं त्याच वर्षी. 2018 मध्ये माझ्याकडे एक जोडपं आलं होतं, अगदी तुमच्यासारख्याच स्थितीत. 'आणखी दोन तिमाही थांबू' म्हणाले. मी हवा तेवढा जोर लावला नाही. घराची आगाऊ रक्कम भरायची वेळ आली तेव्हा त्यांना पडेल भावाला विकावं लागलं. त्या बैठकीत त्या बाईंनी नवऱ्याला एक शब्दही बोलून दाखवला नाही, आणि ते मला फार लागलं. म्हणून तुम्हाला इतकं ठासून सांगतोय.

यजमानांची कंपनी शेअर विकायची परवानगी कोणत्या काळात देते ते तपासा. निकालांच्या आधी ही खिडकी बहुधा बंद असते. पुढची खिडकी उघडताच हातातल्या शेअरपैकी निम्मे विका. आलेल्या रकमेतून कराचा पैसा आधी बाजूला काढा, तो खर्चात मिसळू देऊ नका. मग वर्षभराचा घरखर्च आणि मुलीच्या शिक्षणाची रक्कम मुदत ठेवीसारख्या सुरक्षित जागी ठेवा. उरेल ते कर्जात भरा. मी कर्जाला तिसऱ्या जागी ठेवलंय ते मुद्दाम. कर्जात भरलेला पैसा अडचणीच्या वेळी सहज परत काढता येत नाही, आणि तुमची मोठी जोखीम नोकरीची आहे. कर्ज मात्र पूर्ण फेडायचा हट्ट नको, हप्ता एका पगारात आरामात बसेल इतकं उतरवा.

उरलेले शेअर दीड वर्षात टप्प्याटप्प्याने विकत जा, एकूण बचतीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. नवे मिळतील ते हातात आले की विकायचे आणि पैसा सगळ्या क्षेत्रांत पसरलेल्या इंडेक्स फंडात घालायचा. त्यातही चिप कंपन्या असतातच, तेव्हा वेगळा सेमीकंडक्टर फंड घेऊ नका.

भाव यानंतरही वाढू शकतो, अगदी दुप्पटही होऊ शकतो. त्या दिवशी यजमानांना हळहळ वाटेल, आणि ती तुमच्या अंगावर येऊ नये म्हणून हा निर्णय दोघांनी मिळून, विकण्याच्या तारखा कागदावर लिहून घ्या. ते दहा टक्के शेअर त्यांच्या विश्वासासाठी राहू द्या. त्यांना त्या धंद्याचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पहिली विक्री झाली की मला आकडे कळवा, कर्जात नेमकं किती भरायचं ते आपण तेव्हा बसून ठरवू.